काळजी काट्यावर घाला



बेणेप्रक्रिया कशी करावी, को ८६०३२ ची लागण किती फुटांच्या सरीत करावी, खोडव्यातले पाचट का जाळू नये, हे आता आपल्या घरातल्या पोरासोरांनाही तोंडपाठ झाले आहे. पण हा सगळा ऊस ज्याच्या जिवावर उभा राहतो, त्या माणसाच्या मनाचे काय? आजचे पान आम्ही या प्रश्नाला दिले आहे.

गटवार मेळाव्यात उसाचे प्रश्न विचारायला दहा हात वर होतात. मेळावा संपतो, चहा होतो आणि मग एखादा सभासद बाजूला घेऊन हळूच विचारतो, "साहेब, रात्री झोपच लागत नाही बघा. काय करावं?" चारचौघांत हे विचारायची त्याला लाज वाटते. आमच्या मते हा प्रश्न हुमणीच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे. हुमणीसुद्धा मुळाशी लागते आणि वरचे पान पिवळे पडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

बारमाही काळजी

बाकी पिकांची काळजी हंगामी असते, उसवाल्याची बारमाही. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये केली तर ऊस तुटायला १६ ते १८ महिने जातात. एवढा काळ पैसा जमिनीत पुरलेला आणि मन टांगलेले. पावसाळ्यात बेणे नीट उगवेल का, नोंद वेळेत लागली का, ही काळजी. दिवाळीनंतर टोळी येणार का, उचल घेऊन मुकादम दुसरीकडेच गेला तर काय, ही काळजी. थंडीत तुरा दिसू लागला की वजन घटणार म्हणून जीव खालीवर. मार्चअखेर सोसायटीचा भरणा, उन्हाळ्यात विहिरीने गाठलेला तळ, जूनमध्ये मुलांच्या फिया. त्यात घरात तिशी ओलांडलेला मुलगा आणि शेती करतो म्हणून त्याला कोणी मुलगी देईना. वरून भावकीतली धुसफूस आहेच.

यातली एकही काळजी खोटी नाही. "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" असे म्हणून पाठीवर थाप मारणे आम्हाला जमणार नाही. काळजी खरी आहे, तर तिचे करायचे काय, एवढेच पाहू.

भीती कामाची, काळजी बिनकामाची?

भीती वाटणे हा दोष नव्हे. रात्रीची वीज आली म्हणून पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला साप-किरडाची भीती वाटते, ती वाटायलाच हवी. जुन्नरकडच्या ऊसपट्ट्यात तर बिबट्याने उसालाच घर केले आहे. जखमी आणि अडचणीत सापडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्रच उभे आहे. तिथला शेतकरी भितो, म्हणूनच तो एकटा जात नाही, हातात बॅटरी आणि काठी ठेवतो, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावतो, वाकून काम करताना चहूकडे नजर ठेवतो. दिवसा वीज मिळावी म्हणून ओरडही त्या भीतीपोटीच झाली आणि २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तिचा हेतूही शेतीला दिवसा वीज देण्याचाच. भीतीने माणसाला पुढचे पाऊल सुचवले, तर ती भीती कामाची.

भीती वाटली की मूत्रपिंडांवर असलेल्या लहानशा ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन नावाचा रस रक्तात उतरतो. छाती धडधडते, श्वास भराभर चालतो, तोंड कोरडे पडते, हातापायात बळ येते. पळायला किंवा झुंजायला शरीराने केलेली ती तयारी असते. धोका टळला की शरीर आपोआप शांत होते.

काळजीचे मात्र वेगळे आहे. समोर बिबट्या नाही, साप नाही, माणूस खाटेवर पडलेला आहे. पण मनात "हप्ता थकला तर", "भावाने केस केली तर", "तोड मिळाली नाही तर" असे चालू आहे. शरीराला हा फरक फारसा कळत नाही. ते आपले तयारीतच. पळायचे नाही, झुंजायचे नाही, नुसते रात्रभर सज्ज राहायचे. मग झोप उडते, पित्त वाढते, मान-पाठ आखडते, लहानसहान गोष्टीवरून घरच्यांवर खेकसणे सुरू होते.

अशा वेळी एक साधा उपाय लगेच करता येतो. नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि घ्यायला जेवढा वेळ लागला त्याहून अधिक वेळ लावून सोडावा. पाच मिनिटे एवढेच करावे. धडधड कमी होते, मन थोडे थाऱ्यावर येते. काहीजण झोप यावी म्हणून रात्री दारू घेतात. तिने डोळा लागतो खरा, पण मध्यरात्री झोप मोडते ती मोडतेच आणि दुसऱ्या दिवशी काळजी दुपटीने उभी राहते.

श्वासाने धडधड थांबेल, हप्ता काही भरला जाणार नाही. तेव्हा आता काळजीकडेच वळू.

आधी भरलेली गाडी, मग रिकामी

आपल्या काट्यावर गाडी आधी भरलेली चढते आणि ऊस उतरवून पुन्हा रिकामी चढते. दोहोंची वजाबाकी म्हणजे खरा ऊस. लांबून गाडी केवढीही दिसो, पैसे निव्वळ वजनाचे. काळजीचेही असेच वजन करावे. तिच्यात माल किती आणि गाडीचे वजन किती, ते वेगळे काढावे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात आणि कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोचवण्याचे मोठे काम केले. तिचे सार असे, की घडलेली घटना एकटी माणसाला खचवत नाही. घटनेविषयी तो स्वतःशी जे बोलतो, त्यानेही तो खचतो.

उदाहरण आपल्याच शिवारातले घेऊ. दोघांची तोड महिनाभर लांबली. एकजण स्वतःशी म्हणतो, "वजन घटणार, तोटा होणार, वाईट झालं. आता खोडव्याचं काय करायचं ते बघू." दुसरा म्हणतो, "माझ्याच नशिबी हे. आता सगळं संपलं. लोक हसतील. मी कर्ता म्हणून नालायक ठरलो." तोटा दोघांचा सारखाच. पहिल्याला वाईट वाटते, पण तो उठून कामाला लागतो. दुसरा खाटेवरून उठत नाही. "वजन घटणार" हा माल झाला. "सगळं संपलं", "लोक हसतील", "मी नालायक" हे गाडीचे वजन. ते वजा करायचे.

करायचे कसे? शाळेची जुनी वही घ्यावी. पानावर तीन रकाने पाडावेत. पहिल्यात काळजी एका ओळीत लिहावी. दुसऱ्यात त्यातले माझ्या हातात काय, ते लिहावे. तिसऱ्यात कुणाला विचारायचे आणि कोणत्या दिवशी, ते लिहावे.

तोडीची काळजी असेल तर पाऊस आणि टोळीचे येणे आपल्या हातात नाही. पण लागण नोंदीची पावती काढून तारीख, क्षेत्र आणि जात बरोबर लागली आहे का हे पाहणे हातात आहे. गट ऑफिसात जाऊन आपला क्रमांक कुठे आहे हे चिटबॉयला किंवा शेतकी अधिकाऱ्याला विचारणे हातात आहे. बिलाची काळजी असेल तर नियम माहीत असावा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याजाचे बंधन घातले. सभासद म्हणून हे विचारण्यात संकोच नको. कट्ट्यावर दहा जणांना विचारून दहा अफवा घरी आणण्यापेक्षा ऑफिसात एकाला विचारलेले बरे.

कर्जाची बेरीज

सगळ्यांत जड गाडी कर्जाची. पण पुष्कळ घरांत कर्जाची एकत्र बेरीज कुणी केलेलीच नसते. सोसायटीचे पीककर्ज एका पासबुकात, ट्रॅक्टरचा हप्ता दुसऱ्या बँकेत, सोनेतारण तिसरीकडे, खत-औषधाच्या दुकानाची उधारी दुकानदाराच्या वहीत, हातउसने डोक्यात आणि बचतगटाचे कर्ज फक्त घरच्या बाईला माहीत. नवऱ्याने बायकोला सांगितलेले नसते, बायकोने नवऱ्याला. दोघेही एकाच छताखाली वेगवेगळी रात्र जागतात.

आमचे सांगणे असे, की एका संध्याकाळी दोघांनी बसावे, मोठा मुलगा-सून असतील तर त्यांनाही बसवावे आणि सगळे आकडे एका पानावर मांडावेत. कुणाचे किती, व्याज किती, कधी द्यायचे. बेरीज मनात धरल्यापेक्षा कमी निघाली तर उत्तमच. जास्त निघाली तरी आता तो एक आकडा आहे, अंधार नाही. आकड्याशी बोलता येते. ज्याचे व्याज सर्वांत जास्त ते आधी फेडायचे, की ज्याची मुदत आधी संपते ते, हे ठरवता येते. पीककर्ज वेळेत भरणाऱ्याला व्याजात सवलत मिळते, तेव्हा ते थकू न देण्यातच हित. हप्ता चुकणार असे दिसले तर थकायच्या आधी बँकेची पायरी चढावी. थकल्यावर ती पायरी फार उंच वाटते.

खासगी सावकाराचा धाक असेल तर तोही मुकाट सोसू नये. महाराष्ट्रात २०१४ सालचा सावकारी नियमनाचा कायदा आहे. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. धमकीला घाबरून जमिनीच्या कागदावर सही करू नये. आधी कुणा जाणत्याला कागद दाखवावा.

एका फुटाचे वजन

आता नात्यांकडे वळू. भावकीतले सर्वांत जुने दुखणे म्हणजे बांध. तेही काट्यावर घालून पाहू.

समजा बांध ३०० फूट लांब आहे आणि तक्रार एका फुटाची आहे. म्हणजे वाद ३०० चौरस फुटांचा. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे पाव गुंठ्याहून थोडी जास्त जागा. एकरी ४० टन उतारा धरला तर गुंठ्याला एक टन पडतो. त्या एका फुटातून वर्षाला निघेल पावणेतीनशे किलोच्या आसपास ऊस. साधी बैलगाडीही भरायची नाही. त्यासाठी तालुक्याला मारलेल्या खेपा, वकिलाची फी, बुडालेले दिवस, बंद झालेले जाणे-येणे आणि लग्नाकार्यात एकमेकांकडे फिरवलेली पाठ मांडली, तर हिशोब कुठे जातो ते ज्याचे त्याने पाहावे.

पण हा हिशोब दाखवून भांडण मिटत नाही, हेही आम्ही जाणतो. कारण बांध केवळ उसाचा नसतो. "आज एक फूट सोडला तर उद्या वावर जाईल", "थोरला मला मोजतच नाही", "आईबापाने त्यालाच झुकतं माप दिलं", हे सगळे त्या एका फुटात पुरलेले असते. धाकट्याला हिस्सा बुडण्याची भीती, थोरल्याला मान जाण्याची भीती. दोघेही भ्यालेले, पण दोघांनाही समोरचा माजलेला वाटतो. भीती लपवायला माणूस आवाज चढवतो. हे एकदा ध्यानात आले की समोरच्याकडे पाहायची नजर थोडी बदलते.

हद्दीचा वाद काठीने आणि नांगराच्या तासाने मिटत नाही. दोघांनी मिळून अर्ज करावा, भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्यावी, लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात त्यांनी हजर राहावे, खुणा पक्क्या कराव्यात आणि 'क' प्रत दोघांच्याही घरात असावी. मोजणीचा खर्च निम्मा-निम्मा केला तर निकाल कुणाचाही लागो, "त्याने पैसे चारले" असे म्हणायला जागा उरत नाही.

ज्यांच्या जमिनी नावावर एकाच्या आणि ताब्यात दुसऱ्याच्या, अशी अदलाबदल १२ वर्षांहून जुनी आहे, त्यांच्यासाठी शासनाने २०२३ साली सलोखा योजना आणली. तीत अदलाबदलीच्या दस्ताला नोंदणी फी १००० रुपये आणि मुद्रांक शुल्क १००० रुपये एवढेच ठेवले. तिची मुदत व अटी तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे विचारून घ्याव्यात. वाद कोर्टात गेलाच असेल तर लोकअदालत आहे. १९८७ च्या कायद्यानुसार तिथे दोघांच्या संमतीने झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. गावातले तंटे गावातच मिटावेत म्हणून १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती याच विचाराने. ज्या गावात समितीतली माणसे दोन्ही बाजूंना समान धरणारी असतात, तिथे अशा बैठकीचा उपयोग होतो. एका गटाची समिती असेल तर मात्र वाद मिटण्याऐवजी वाढतो.

बहीण, बाप आणि मुलगा

दुसरे नाजूक नाते बहिणीचे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि २००५ साली तो देशभर झाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो हे स्पष्ट केले. तरी आजही हक्कसोडपत्रावर सही घेताना बहिणीशी कुणी मोकळेपणाने बोलत नाही. भावाला भीती, की ही वाटा मागेल. बहिणीला भीती, की वाटा मागितला तर माहेर तुटेल. मग ती गप्प सही करते आणि मनात गाठ ठेवून जाते, किंवा दहा वर्षांनी नोटीस पाठवते.

सही घेण्याआधी भावाने बहिणीला घरी बोलावून सरळ विचारावे, "ताई, कायद्यानं तुझा वाटा आहे. तुझ्या मनात काय आहे ते सांग. तू काहीही सांगितलंस तरी हे घर तुझं माहेर आहे." एवढे म्हणायला छाती लागते. पण हे म्हटलेल्या घरात दिवाळीची ओवाळणी चालू राहते.

बाप-लेकाचे भांडण बहुधा शेतीच्या रीतीवरून होते. मुलाला ठिबक करायचे आहे, ऊसरोपे लावायची आहेत, मोबाईलवर भाव बघायचे आहेत. बापाला वाटते, पोरगे कर्जात बुडवील. सातबारा बापाच्या नावावर, कष्ट मुलाचे. बाप म्हणतो, "मी मेल्यावर कर काय करायचं ते." मुलगा म्हणतो, "यांच्यामुळं माझं आयुष्य वाया चाललं." अशा घरांना आम्ही एक मध्यम वाट सुचवतो. दहा-वीस गुंठे एका हंगामासाठी पूर्णपणे मुलाच्या हाती द्यावेत. खर्च-उत्पन्न वेगळे लिहावे. बापाने मध्ये बोलू नये, मुलाने तोटा झाला तर लपवू नये. हंगामाअखेर वजनपावती दोघांनी मिळून पाहावी. पुढचे बोलणे मग पावतीवरून होईल, रागावरून होणार नाही.

बोलायचे कसे

भांडण जुने असले की बोलायला तोंड उघडत नाही आणि उघडले की शिवीच बाहेर येते. म्हणून चार गोष्टी पाळाव्यात.

एक, बांधावर आणि रागात बोलू नये. वेळ ठरवावी, बसून बोलावे. चहा समोर असला तर बरे.

दोन, एका वेळी एकच विषय. पाण्याच्या पाळीचे बोलताना आजोबांच्या वाटणीची मढी उकरू नयेत.

तीन, समोरच्याचा स्वभाव न काढता आपली अडचण सांगावी. "तू मुद्दामच पाणी उशिरा सोडतोस, लबाड आहेस" असे म्हटले की बोलणे तिथेच संपले. त्याऐवजी असे म्हणून पाहावे: "दादा, बुधवारची पाळी गुरुवारी दुपारी आली. माझा खालच्या अंगाचा ऊस सुकायला लागलाय. पाळी मागंपुढं होणार असंल, तर आदल्या रात्री नुसता एक फोन करत जा." यात लबाडीचा आरोप नाही, मागणीही लहान आहे. दादाला "हां, करतो" म्हणणे सोपे जाते.

चार, समोरचा बोलला ते आपल्या शब्दांत त्याला परत सांगावे. "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की मोटार जळाली तेव्हा दुरुस्तीचा खर्च तुम्ही एकट्यानं केला. बरोबर?" पुष्कळदा माणसाला एवढेच हवे असते, की आपले म्हणणे कुणीतरी पुरते ऐकावे. जे ठरले ते तिथेच वहीत लिहून दोघांनी सही करावी. भावाभावात कशाला सही, असे म्हणू नये. सही आहे म्हणून भाऊपण टिकते.

घरातल्या सासू-सुनेला, जावा-जावांनाही हेच लागू आहे. फक्त एक गोष्ट निक्षून सांगतो. दारू पिऊन मारहाण होत असेल, जिवाची भीती असेल, तर ते "सांभाळून घ्यायचे नाते" नव्हे. तिथे समजूतदारपणा बाईनेच दाखवावा हा सल्ला अन्यायाचा आहे. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्यासाठी आहे. महिलांच्या मदतीसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक आहेत. शेजाऱ्याने ओरडणे ऐकून दार लावून घेऊ नये.

काळजी हाताबाहेर जाते तेव्हा

वही झाली, बोलणे झाले, तरी कधी कधी मन उभारी धरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटते, झोप आणि भूक गेली आहे, आवडीच्या कामातही मन नाही, माणसे नकोशी झाली आहेत, "माझा कुणाला उपयोग नाही" असे तोंडी येते, तेव्हा तो मनाचा आजार असू शकतो. मलेरियासारखाच तो आजार आहे, औषधाने व बोलण्याच्या उपचाराने बरा होतो. घाबरटपणाशी किंवा गेल्या जन्मीच्या पापाशी त्याचा काही संबंध नाही. अंगारे-धुपारे आणि बुवाबाजीत दिवस घालवू नयेत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे, तिथून जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे पाठवतात. फोनवर बोलायचे असेल तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस सेवा आहे. क्रमांक १४४१६. रात्री-बेरात्री केव्हाही, मोफत आणि मराठीतून बोलता येते.

आपल्या ओळखीचा कोणी असा गप्प झाला, एकाएकी देणी मिटवू लागला, कागदपत्रे लावू लागला, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्याच्याजवळ बसावे आणि सरळ विचारावे, "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतंय का?" असे विचारल्याने नसता विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारले म्हणून त्याचे मन मोकळे होते. त्याला उपदेश करू नये, "बायकापोरांचा विचार कर" म्हणून लाजवू नये. ऐकावे, एकटे सोडू नये आणि सोबत घेऊन दवाखान्यात जावे. फवारणीची औषधे एरवीही घरात उघडी असू नयेत. अशा दिवसांत तर ती कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असे धरले आहे आणि त्याला उपचार मिळतील हे पाहण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने लपवाछपवी करू नये.

सहकार मनाचाही

प्रवरानगरचा कारखाना १९५० साली उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर शेअरची रक्कम भरणाऱ्या शेतकऱ्यांना भीती वाटली नसेल का? शेतकऱ्यांनी कारखाना चालवायचा, ही गोष्टच तेव्हा नवी होती. पण ती भीती त्यांनी एकेकट्याने घरात बसून चघळली नाही. चारचौघांत बोलले, धनंजयराव गाडगीळांसारख्या जाणत्यांना सोबत घेतले आणि ओझे वाटून घेतले. एकट्याला न पेलणारे दहा जणांनी उचलायचे, हाच सहकार. तो भागभांडवलापुरता ठेवायचे कारण नाही.

म्हणून हा अंक हाती पडल्यावर येत्या आठवड्यात प्रत्येक सभासदाने तीन कामे करावीत, अशी आमची विनंती आहे. एका संध्याकाळी घरच्या माणसांसोबत बसून देण्या-घेण्याचे पान लिहावे. ज्याच्याशी बोलणे बंद आहे, अशा एका माणसाला फोन करावा, निदान "पाणी कसं आहे तुमच्याकडं?" एवढे तरी विचारावे. आणि आपल्या वाडी-वस्तीवर जो अलीकडे कट्ट्यावर दिसेनासा झाला आहे, त्याच्या घरी सहज जाऊन यावे. काही सांगायचे नाही, चहा घ्यायचा आणि बसायचे. बोलेल तेव्हा बोलेल.

आपल्या गटात बांधाचा किंवा पाण्याचा जुना वाद बोलून मिटला असेल, तर तो कसा मिटला ते गट ऑफिसात कळवावे. नावे न देता पुढच्या अंकात छापू. दुसऱ्या गावच्या भावांना त्याचा उपयोग होईल.